मला न कळलेले दोन महिने

शेजारच्या रूममधला म्हातारा परवा गॅलरीत खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला. इकडचं तिकडचं बोलला, मग आवाज बारीक करून म्हणाला, "तात्या, ते टेस्ट ट्यूबचं असतं ना, किती दिवस लागतात त्याला? माझ्या पुतणीचं चाललंय. तुमच्याकडे झालेलं, म्हणून विचारतो."

मी त्याला चहा पाजला आणि विषय बदलला. मी उत्तर न देता माणसाला परत पाठवला, असं चाळीत कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. पण ते उत्तर गॅलरीत बसून देण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहितो आहे. शाळा चौथीपर्यंत झाली. शुद्धलेखनाचा ज्याला त्रास होईल त्याने सोडून द्यावं.

लिहिण्याआधी सुनेला विचारलं. ती म्हणाली, "लिहा बाबा. फक्त नावं नका घालू." म्हणून नावं नाहीत.

मी पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाला होतो. रस्त्यातल्या झाकणाखाली पाण्याचा व्हॉल्व्ह असतो, तो मोठ्या चावीने फिरवायचा, की त्या भागाला पाणी सुटतं. परळ, लालबाग, काळाचौकी, सगळीकडे फिरलो. मी चावी फिरवली की गल्लीभर नळाखाली भांडी वाजायची. वरच्या माळ्यावर पाणी चढायला वेळ लागतो, तोवर बाया वरून ओरडायच्या, "ओ चावीवाले, झोपला काय?" मी खालून म्हणायचो, "सोडलंय पाणी. दम काढा जरा." दुसऱ्याला दम काढायला सांगायची नोकरी मी आयुष्यभर केली. स्वतः कधी काढला नाही.

मुलाच्या लग्नाला पाच वर्षं होऊन गेली तेव्हा आमच्या घरात दवाखाना सुरू झाला. सून गिरगावची, शिकलेली, बँकेत कामाला. मुलगा लोअर परळला एका ऑफिसात. दोघं आमच्याच रूममध्ये राहायची, पोटमाळ्यावर. चाळीत पोटमाळ्यावरचं कुजबुजणं खाली ऐकू येतं, आणि आम्ही ऐकलं नाही असं दाखवतो. तशी आमची रीत.

आधीचे सहा-सात महिने नुसत्या तपासण्यांत गेले. रक्त, सोनोग्राफी, पुन्हा रक्त. मुलाचीपण तपासणी झाली तेव्हा मी बायकोला म्हणालो, "त्याची कशाला? आमच्या खानदानात कोणाला कमी नाही." बायको मालवणची. तिने पोळपाटावरून मान वर न करता सांगितलं, "खानदान गप ऱ्हवांदे. जेवान घ्या."

मग इंजेक्शनं आली. ती थंड ठेवावी लागतात. आमच्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात कायम बांगडा नाहीतर सुरमई हळद-मीठ लावून असायची. बायकोने एका सकाळी सगळा फ्रिज धुऊन काढला, मासे बंद केले आणि मधल्या कप्प्यात स्टीलच्या डब्यात ते खोके ठेवले. मी कुरकुर केली. ती म्हणाली, "धा-बारा दिवस मासे खाल्ले नाय तर जीव जावचो नाय तुमचो."

तेव्हा एकदा मी जेवताना सुनेला सरळ विचारलं, "बाय, ह्याला किती दिवस लागणार?"

मुलगा दचकला. पण ती नाही. ताट बाजूला सरकवून तिने मला नीट समजावलं. घरात मला कोणी असं समजावून सांगितलेलं नव्हतं. पाळी आल्यावर दहा-बारा दिवस रोज पोटात सुई. मध्ये मध्ये सोनोग्राफी, बीजं वाढली का बघायला. मग भूल देऊन ती काढायची. पुढे प्रयोगशाळेत पाच दिवस, त्यात जे टिकेल ते टिकेल. ते गोठवून ठेवायचं. एक-दोन महिने शरीराला विश्रांती. मग गोळ्या, मग पोटात सोडायचं, आणि त्यानंतर पंधरा दिवस काही न करता थांबायचं. मग रक्त तपासलं की कळतं.

"म्हणजे चार-पाच महिन्यांत काम झालं," मी म्हणालो.

"झालं तर," ती म्हणाली. "नाही झालं तर पुन्हा."

"पुन्हा कशाला? चांगला डॉक्टर आहे ना?"

ती हसली. म्हणाली, "बाबा, एकच करा. हे कोणाला बोलू नका. अगदी कोणाला."

मी म्हणालो, "मी काय बायकांसारखा बोलत फिरतो काय?" बायकोने माझ्याकडे बघितलं.

बीजं काढली. प्रयोगशाळेत दोन गर्भ टिकले. जानेवारीच्या मध्यावर त्यातला एक पोटात सोडला. थांबायचे पंधरा दिवस सुरू झाले, आणि त्यातच सव्वीस जानेवारी आली.

सव्वीस जानेवारीला आमच्या चाळीची सत्यनारायणाची पूजा असते. सुट्टी, सगळे घरात, खाली चौकात मांडव, माइक. पूजा झाली की नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. आमच्या चाळीत बरेच कोकणातले, त्यामुळे गावची रीत इथे आली. एकाने उभं राहून देवाला सगळ्यांचं म्हणणं मोठ्याने सांगायचं, आणि प्रत्येक मागण्यावर जमलेल्यांनी "होय महाराजा" म्हणायचं. ते काम माझं. आधी माझ्या वडिलांचं होतं. मला पोथी वाचता येत नाही, पण गाऱ्हाण्यात माझा हात धरणारा परळमध्ये नव्हता. कोणाच्या मुलाला नोकरी, कोणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, कोणाच्या पोरीचं लग्न, मला सगळं पाठ. लोक आदल्या दिवशी येऊन सांगून जायचे, "तात्या, आमचं तेवढं घाला हां."

वडील सांगायचे, गाऱ्हाणं मनात घालायचं नसतं. दहा तोंडांनी होय म्हटल्याशिवाय ते देवापर्यंत जात नाही. मला ते पटलेलं होतं. खोटं कशाला बोलू, अजूनही थोडं पटतं.

सुनेने सांगितलेलं, कोणाला बोलू नका. मी तिच्या शब्दाला जागणार होतो. पण देव म्हणजे 'कोणी' नव्हे, असं माझ्या डोक्यात. सगळ्यांचं मागून झालं. नारळावर हात ठेवला, डोळे मिटले, आणि माझ्या घरचं आलं.

"बा देवा महाराजा, माझ्या घरात माझी सून दवाखान्याचे उपचार करता. सुयो टोचून टोचून पोरीचा पोट निळा झाला. डॉक्टरान तिच्या पोटात गर्भ सोडलो आसा. तो रुजू दी रे महाराजा. पुढच्या साली नातवंड मांडयेर घेवन तुझ्या पायाशी येवची बुद्धी दी रे महाराजा."

"होय महाराजा!"

असा होय मी आयुष्यात ऐकला नव्हता. समोरच्या इमारतीच्या खिडक्यांतूनसुद्धा आला. माझे डोळे भरून आले. डोळे उघडून बघितलं तर सून तीर्थप्रसादाच्या रांगेत, बायकांच्या मध्ये उभी. हातात द्रोण. ती माझ्याकडे बघत होती. रागावली असती तर मला कळलं असतं. ती नुसती बघत होती, अनोळखी माणसाकडे बघतात तशी.

बायकांनी तिला तिथेच घेरलं. कोणी पाठीवरून हात फिरवला, कोणी विचारलं, "कितवा?" एकीने आपल्या ओटीतला नारळ तिच्या ओटीत घातला. दुसरी म्हणाली, "अगं, आधी का नाही सांगितलंस? मी तुला चांगला बाबा सांगितला असता." ती सगळ्यांना हं हं म्हणत वर गेली. मुलगा जिन्यात मला म्हणाला, "बाबा, तुम्ही काय केलंत, कळतंय का तुम्हाला?"

मी म्हणालो, "देवाजवळ मागितलं. चोरी नाही केली."

आठवड्याने रक्ताचा रिपोर्ट आला. नाही.

पुढचा महिनाभर ती नळावर गेली, जिन्यात गेली, दुकानात गेली, की कोणीतरी विचारायचं. "काय गं, कसं वाटतंय? उलट्या होतात?" वाईट मनाने नव्हे. आमची चाळ वाईट नाही. पण तिला प्रत्येकीला थांबून सांगावं लागायचं, नाही झालं. ज्या होय म्हणाल्या होत्या त्या सगळ्यांना तिला एकटीने नाही म्हणत फिरावं लागलं. हे मी तेव्हा मोजलं नाही. मी म्हणत होतो, लोक काळजी करतात, त्यात काय?

होळीच्या आधी ती गिरगावला माहेरी राहायला गेली. बँक जवळ पडते, असं कारण सांगितलं. मुलगाही मागोमाग गेला. पोटमाळा रिकामा झाला. फ्रिजमध्ये मासे परत आले.

मला वाटायचं, राग शांत होईल, येतील. ती आली नाहीत. मुलगा रविवारी यायचा, आईच्या हातचं खायचा, माझ्याशी क्रिकेटचं बोलायचा. दवाखान्याचं नाव काढायचा नाही. मीही विचारायचो नाही. मी बाप. मी का विचारू? बायको आठवड्यातून दोनदा डबा घेऊन गिरगावला जायची. आल्यावर मी पेपर धरून बसायचो, म्हणजे तिने आपणहून सांगावं. ती सांगायची, "ट्रॅफिक बरो होतो."

उन्हाळा असाच गेला. जूनमध्ये बायकोच्या चेहऱ्यात काहीतरी फरक पडला, हे मला दिसत होतं. ती भांडी घासताना गुणगुणायची. कपाटातलं जुनं मऊ लुगडं काढून तिने धुऊन उन्हात घातलं. मी विचारलं, "हे कशाला?" म्हणाली, "वास येता." डबे मोठे झाले. खोबऱ्याच्या वड्या, अळिवाचे लाडू. मला वाटलं, म्हातारीला लेकीसारखी सून मिळाली, तिचे लाड चाललेत, आणि मला कोणी विचारत नाही. मी आणखी ताठ झालो. एकदा तर तिला म्हणालो, "त्या घरी एवढं नेतेस, मला कधी लाडू केलास?" ती हसली, आणि एक लाडू माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला. कशाचा खातोय ते मला ठाऊक नव्हतं.

श्रावण लागायच्या सुमारास एका दुपारी ती गिरगावहून लवकर परत आली. डबा तसाच, भरलेला. मोरीजवळ जमिनीवर बसली आणि तोंडात पदर घालून रडायला लागली. माझ्या डोक्यात आलं, गावाला तिचा भाऊ आजारी होता.

मी विचारलं, "कोण गेलं?"

ती म्हणाली, "तुमचा नातवंड गेला."

मला समजायलाच वेळ लागला. उरलेला दुसरा गर्भ मे महिन्यात सोडला होता. तो रुजला होता. सोनोग्राफीत काळजाचे ठोके ऐकू आले होते. मुलाने ते फोनमध्ये धरून आणले होते आणि आईला ऐकवले होते, आमच्याच गॅलरीत, मी आत पेपर वाचत असताना. दिवस दोन महिन्यांवर गेले होते. आणि मग ठोके थांबले.

मी म्हणालो, "मला सांगितलं नाहीस?"

बायकोने डोळे पुसले. "तुमका सांगून काय करू? परत माइकवर?"

तिच्याशी लग्न झाल्यापासून तिने मला बरेच टोमणे मारले. सगळ्यांना मी उत्तर दिलं. ह्या वेळी भरलेला डबा उचलून ओट्यावर ठेवला.

ती म्हणाली, "आता तरी जावा तिच्याकडे."

आणि इथे मी जे केलं ते मला सगळ्यात जास्त लागतं. माइकचं म्हणाल तर ते भाबडेपणाने झालं. पण आता सगळं कळल्यावर मी चप्पल घालून निघालो, नाक्यावरच्या बसस्टॉपपर्यंत गेलो, बस आली, आणि मी चढलो नाही. माझ्या मनात आलं, मी आजोबा होणार हे त्यांनी मला सांगितलं नाही, आणि मी रडायला जाऊ? आनंदात नको होतो, दुःखात कशाला जाऊ? दुसरी बस आली, तीही सोडली. घरी येऊन बायकोला सांगितलं, "गर्दी होती." तिने ऐकून घेतलं. माझी असली उत्तरं तिला ओळखू येतात.

ती पोर तेव्हा गिरगावच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होती, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

पुन्हा सव्वीस जानेवारी आली. माइक माझ्या हातात दिला. मी सगळ्यांचं गाऱ्हाणं घातलं, कोणाचं काही सोडलं नाही. शेवटी "सगळ्यांका सुखी ठेव रे महाराजा" म्हणून हात जोडले. तर मागून एकजण ओरडला, तो प्रत्येक लग्नात जेवणाला नावं ठेवणारा, "तात्या, सुनेचं राहिलं की! गेल्या वर्षी देवाला ऐकू गेलं नाय वाटतं, जरा मोठ्याने घाला!"

लोक हसले. मी माइक बंद केला आणि सांगितलं, "तिचं तिला मागायचं तर ती मागेल." कोणी होय म्हटलं नाही.

प्रसादाचा द्रोण आणि नारळाची वाटी पिशवीत घालून मी त्याच पावली गिरगावला गेलो. ह्या वेळी पहिलीच बस घेतली.

दार तिनेच उघडलं. वाळली होती. "या बाबा," म्हणाली. जणू मी काल येऊन गेलो होतो. पाणी दिलं. तिचे आईवडील आतल्या खोलीत गेले. आम्ही दोघं समोरासमोर बसलो. मी पिशवीतला द्रोण काढून तिच्यापुढे ठेवला.

मग तिनेच विचारलं, "ह्या वर्षी काय मागितलंत?"

"तुझ्यासाठी काही नाही."

"का?"

"तू सांगितलं नव्हतंस."

प्रसादाचा शिरा तिने बोटाने उचलून तोंडात घातला. मला माफी मागता येत नाही. कधी मागितली नाही, तोंड वळत नाही. मी एवढंच म्हणालो, "बाय, ते दोन महिने... मला कळले असते तर मी नसतो बोललो."

ती म्हणाली, "बोलला असतात, बाबा."

खरं होतं. मी मान हलवली.

मग तिने सांगितलं. गोठवलेलं आता काही उरलेलं नाही. पुन्हा पहिल्यापासून. तपासण्या, सुया, बीजं, प्रयोगशाळा.

"पहिल्यापासून?" मी विचारलं. "तेच सगळं?"

"तेच सगळं. सहा महिने जातील, वर्षसुद्धा जाईल. वय वाढतं तसं आणखी अवघड होतं. तुम्ही विचारलं होतंत ना, किती दिवस लागतात? मी तेव्हा तुम्हाला दवाखान्याचे दिवस सांगितले. मधले सांगितलेच नव्हते. मलाच ठाऊक नव्हते."

निघताना जिन्यापर्यंत आली. म्हणाली, "ह्या वेळी तुम्हाला सांगेन."

दिवाळीनंतर तिने फोन केला. माझ्या फोनवर, बायकोच्या नाही. म्हणाली, "बाबा, काल सोडला. आता पंधरा दिवस." एवढंच. मी बायकोलासुद्धा बोललो नाही. तिला वेगळं कळलं होतं, आणि तीही मला बोलली नाही. दोघं म्हातारी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत एका रूममध्ये फिरत होतो. मी सकाळी शिवाजी पार्कपर्यंत चालत जायचो आणि चालत यायचो. कट्ट्यावर कोणी विचारलं, "काय तात्या, घरचे कसे?" तर म्हणायचो, "मजेत." वरच्या माळ्यावर पाणी चढायची वाट बघत खालचा माणूस उभा असतो, त्याला वरचं काही दिसत नाही. ते पंधरा दिवस मी खाली उभा होतो.

फोन आला तेव्हा मी गॅलरीतच होतो. तिचा आवाज स्वच्छ होता. बहुतेक रडून झालं होतं.

"बाबा, नाही झालं. आणि आता मी थांबतेय. आमचं दोघांचं ठरलंय."

माझ्याकडे आयुष्यभर सांगायला काहीतरी होतं. देवालासुद्धा मीच सांगायचो. दुसरा डॉक्टर बघू, गावच्या देवीला बोलू, एवढ्यात कशाला हार मानता, सगळं ओठावर आलं. गाऱ्हाणं नेहमी मी घालायचो, होय दुसरे म्हणायचे. मी म्हणालो, "होय, बाय."

ती मग म्हणाली, "रविवारी येते. आईंना सांगा, बांगडे आणा."

ती रविवारी आली. तेव्हापासून येते. पोटमाळ्यावर राहायला मात्र ती दोघं परत आली नाहीत, आणि मी विचारलं नाही. सव्वीस जानेवारीचं गाऱ्हाणं मी दुसऱ्याला दिलं, घसा बसतो म्हणून. ते ठोके मुलाच्या फोनमध्ये अजून आहेत, असं बायको म्हणते. तिने ते ऐकलेत. मी मागितले नाहीत. काय म्हणून मागू?

शेजारचा म्हातारा उद्या पुन्हा विचारील. त्याला सांगणार आहे, दिवसांचं डॉक्टर सांगतील. तू पुतणीच्या घरी जा, आणि ती सांगेल तेवढंच ऐक. आणि बस आली की चढ.